सब्र कुणाच्या वाट्याला?

आजारी पडणे हे शरीराचे काम आहे. पण 'मी आजारी आहे' असे म्हणता येणे हे मात्र समाजाच्या हातात असते. हे वाक्य पुस्तकी वाटत असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही घरात जाऊन तपासून पाहावे. घरातला कर्ता पुरुष तापाने फणफणला की अंथरूण घातले जाते, पोरांना गप्प बसवले जाते, खिचडी शिजते. त्याच घरातली बाई तापाने फणफणली की ती एक गोळी घेते आणि खिचडी तीच शिजवते. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही तर सासू म्हणते, 'सब्र कर.' नवरा म्हणतो, 'सब्र कर.' माहेरी फोन केला तर अम्मीही तेच म्हणते.

आमचा सवाल एवढाच आहे की हा सब्र नेहमी तिच्याच वाट्याला का येतो? आणि घराबाहेर पडले की तोच सब्र मागावर उभ्या असलेल्या मजुराच्या, गोवंडीतल्या आजाऱ्याच्या, सरकारी दवाखान्यातल्या रांगेच्याच वाट्याला का येतो?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आम्ही डॉक्टर नाही आणि आलिमही नाही. फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही, औषध लिहून देण्याचा तर नाहीच. पण समाजाची तबियत कशी आहे हे शिक्षकाला वर्गात रोज दिसते. कुठली मुलगी महिन्यातून चार दिवस गैरहजर असते, कुठला मुलगा अब्बाच्या खोकल्यामुळे रात्री झोपलेला नसतो, कुणाच्या डब्यात काय असते आणि कुणाकडे डबाच नसतो, हे हजेरीपटापेक्षा आम्हाला जास्त ठाऊक असते. त्या हक्काने आम्ही बोलतो आहोत.

शरीअतने दिलेली सुट्टी

बी.एड.ला शिक्षणाचे समाजशास्त्र शिकताना आमची टालकॉट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाशी ओळख झाली. त्याने 1951 साली मांडले की आजारी असणे ही समाजातली एक भूमिका आहे, जशी बापाची किंवा शिक्षकाची असते. या भूमिकेत माणसाला दोन सवलती मिळतात. एक, रोजच्या कामातून त्याची सुटका होते. दोन, आजाराचा दोष त्याच्यावर ठेवला जात नाही. बदल्यात त्याची दोन कर्तव्ये असतात. बरे होण्याची इच्छा धरायची आणि जाणकाराकडे जाऊन इलाज करून घ्यायचा. पार्सन्सवर पुढे पुष्कळ टीका झाली. ही सुट्टी गरिबाला, बाईला, जुनाट आजाऱ्याला मिळतेच कुठे, असे टीकाकारांनी विचारले. ती टीका आम्हाला पटते.

पण त्याहून आश्चर्य याचे वाटते की ही आजाऱ्याची सुट्टी आमच्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे आणि आम्ही तिची कधी आठवण काढत नाही. आजाऱ्याला रोजा माफ आहे. बरे झाल्यावर त्याने तो पूर्ण करायचा. उभे राहता येत नसेल तर बसून नमाज, बसता येत नसेल तर पडून. पाण्याने अपाय होणार असेल तर वजूऐवजी तयम्मुम. आजाऱ्यावर जुम्याची हाजिरी बंधनकारक नाही. पोटातल्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाला वा स्वतःला अपाय होण्याची भीती असेल तर त्या बाईलाही रोजा पुढे ढकलण्याची मुभा फिकहने दिली आहे. यालाच रुख्सत म्हणतात. खुदाने आपले फर्ज आजाऱ्यासाठी शिथिल केले. पण आमच्या घराने चुलीचे फर्ज शिथिल केले नाही! रोजा माफ झालेल्या बाईला सहरी आणि इफ्तारीचा स्वयंपाक मात्र माफ नाही. पहाटे तीनला ती उठते, सगळ्यांना वाढते, आणि सातव्या महिन्यातही 'लोक काय म्हणतील' म्हणून दिवसभर काही तोंडात घालत नाही. घालायचेच झाले तर दाराआड, चोरासारखे.

आता सब्राचे पाहू. वाजांमध्ये हजरत अय्यूब यांच्या सब्राचा दाखला हमखास दिला जातो. तो दाखला बायकांनाच जास्त ऐकवला जातो. पण त्याच कुरआनात अय्यूब आपले दुखणे आपल्या रबासमोर बोलून दाखवतात. ते गप्प बसले नाहीत. हजरत याकूब मुलाच्या विरहात इतके रडले की त्यांच्या डोळ्यांची नजर गेली, आणि तरीही सब्र करणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या रांगेत आहे. म्हणजे रडणे सब्राच्या आड येत नाही. दुखणे सांगणेही आड येत नाही. मग 'सब्र म्हणजे तोंड बंद' हा अर्थ आला कुठून? आम्ही सांगतो कुठून आला. ज्यांना आजाऱ्याचे काम स्वतः करायचे नव्हते, ज्यांना दवाखान्याचा खर्च टाळायचा होता, त्यांच्या सोयीतून हा अर्थ आला. सब्र ही मोठी नेमत आहे. पण दुसऱ्याला सब्र करायला लावणे ही नेमत नाही, ती कामचुकारी आहे.

'कमजोरी' नावाचा आजार

दुखणे शरीरात असते, पण ते सांगण्याची भाषा समाज शिकवतो. अमेरिकेत बोस्टन शहरातल्या दवाखान्यांत आलेल्या आयरिश आणि इटालियन रुग्णांचा अभ्यास अर्व्हिंग झोला याने 1966 साली प्रसिद्ध केला. आयरिश माणूस दुखत असूनही 'दुखत नाही' म्हणायचा आणि एखाद्याच अवयवाकडे बोट दाखवायचा. इटालियन माणूस अंगभर दुखते म्हणून सांगायचा. झोलाने दाखवले ते हे की डॉक्टरच्या खोलीत रुग्णाबरोबर त्याचे घर आणि त्याची बिरादरीही बसलेली असते.

आमच्या बायकांच्या भाषेत एकच शब्द आहे, 'कमजोरी'. डोके गरगरते, कमजोरी. अंगावरून पांढरे जाते, कमजोरी. चौथ्या बाळंतपणानंतर कंबर धरते, कमजोरी. गर्भ पडला आणि कुणाला सांगायचे नाही, कमजोरी. नवरा दोन वर्षे सौदीला आहे आणि रात्री झोप लागत नाही, तीही कमजोरी. या एका शब्दाखाली शरीर आणि मन दोन्ही गाडून टाकलेले आहे. गल्लीतला डॉक्टरही हा शब्द ऐकला की पुढचे विचारत नाही. एक सलाईन, एक लाल टॉनिक, दोनशे रुपये. बाईला दोन दिवस बरे वाटते. कारण त्या अर्ध्या तासात तिला पलंगावर पडून राहायला मिळालेले असते, आणि वर्षभरातली तिची खरी सुट्टी तेवढीच!

या कमजोरीतले निदान मोजता येण्याजोगे दुखणे म्हणजे रक्त कमी असणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळले. आधीच्या फेरीत (2015-16) हे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे ते वाढले. हा आकडा सगळ्या धर्मांच्या बायकांचा आहे, हे लक्षात घ्यावे. 'मुसलमान बायका अशाच' म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या घरात डोकावावे. आणि 'आमच्याकडे तर गोश्त शिजते, रक्त कसे कमी असेल' म्हणणाऱ्या आमच्या भावांनी दस्तरखान उठताना पाहावे. हंडीतली बोटी आधी कुणाच्या ताटात जाते आणि शेवटी हंडीच्या तळाला भाकरी पुसून कोण खाते? गोश्त घरात शिजणे वेगळे आणि ते बाईच्या पोटात जाणे वेगळे.

शाळेत मुलींना आठवड्याला एक निळी लोहगोळी द्यायची असते. गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते. मुलगी घरी सांगते, घरचे म्हणतात, 'ती गोळी घेऊ नको.' तेवढ्यावर विषय संपतो. मुलगी सकाळी फक्त चहा पिऊन शाळेत आली होती, हा सवाल कुणी विचारत नाही. आणखी एक गोष्ट आम्ही लाज न बाळगता लिहितो. कितीतरी शाळांत मुलींचे मुतारीघर वापरण्याजोगे नसते. दार नाही, पाणी नाही, असले तर कुलूप आहे. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सहा-सहा तास लघवी दाबून धरायला शिकणे हा त्यांच्या शिक्षणाचा पहिला धडा आहे आणि तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. शरीराला गप्प बसवण्याची तालीम इथून सुरू होते. पुढे सासरी ती फक्त पक्की होते.

माग थांबत नाही

हे फक्त बायकांचे गाऱ्हाणे आहे असे कुणी समजू नये. घरात सुट्टी मिळणारा पुरुष कारखान्यात गेला की त्याचीही सुट्टी संपते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांची पाळी चालते. मजुरी कापडाच्या मापावर मिळते. माग थांबला की मजुरी थांबली. आजारी पडला तर बदली माणूस उभा राहतो आणि बरा होऊन आला तर जागा राहील याची हमी नसते. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची अट होती. मग एकाच छताखालचे माग कागदावर चार नावांनी वाटले गेले. दहाचा आकडा कुठेच भरला नाही, आणि त्याबरोबर भरपगारी रजा, राज्य विम्याचा दवाखाना, सगळेच गेले. पार्सन्सची सुट्टी एका कागदाने संपवली.

खटाखट आवाजात वीस वर्षे काढलेला कारीगर घरी मोठ्याने बोलतो. बायकापोरांना वाटते अब्बा रागावले आहेत. अब्बांना ऐकू येत नाही! बहिरेपणाला राग समजणारी घरे आम्ही पाहिली आहेत. कापसाच्या धुळीने छाती भरण्याच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. फॅक्टरी कायद्याच्या परिशिष्टात तो व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला होता. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याची खूण दिली आहे की आठवड्याच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छाती आवळते. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, तेव्हा तिथे छाती शनिवारी आवळणार. पुस्तक वाचून आलेला डॉक्टर सोमवारची चौकशी करील आणि मजुराला सांगील, तुला काही झालेले नाही. आजाराचे कॅलेंडरसुद्धा मोहल्ल्यात राहून शिकावे लागते.

आणि टीबी. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. 2025 पर्यंत देश टीबीमुक्त करण्याची घोषणा 2018 साली झाली. ती मुदत पाळली गेली नाही. टीबीच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात, हे खरे आहे आणि चांगले आहे. साध्या टीबीचा इलाज सहा महिन्यांचा आहे. पण सहा महिने भाकर कोण देणार? एप्रिल 2018 पासून सरकार रुग्णाला पोषणासाठी महिन्याला 500 रुपये देऊ लागले, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 रुपये. मागावरच्या मजुराचे घर हजार रुपयांत महिनाभर चालत नाही. म्हणून दोन महिन्यांत खोकला थांबला की तो गोळ्या सोडून मागावर उभा राहतो. मग टीबी परत येतो आणि या वेळी तो गोळ्यांना जुमानत नाही. डॉक्टर लिहितो, 'रुग्णाने औषध अर्धवट सोडले.' औषध रुग्णाने सोडले हे खरे, पण त्याला सोडायला भुकेने लावले. कागदावर भुकेसाठी रकाना नाही.

मुंबईच्या एम-पूर्व विभागाची, म्हणजे गोवंडी-मानखुर्दची गोष्ट याहून स्पष्ट आहे. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी, शहराने उचलून फेकलेल्या माणसांची ही वस्ती. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास 2018 साली पुढे आला. खांद्याला खांदा लावून उभ्या केलेल्या इमारती, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, हवा नाही. जिथे ऊन आणि हवा कमी, तिथे टीबी जास्त. रोग्याची जात, धर्म, सवयी तपासण्याआधी त्याच्या खिडकीतून काय दिसते ते तपासावे. समोरच्या इमारतीची भिंत दिसत असेल तर निदान निम्मे झाले. ती भिंत मंजूर करणारा अधिकारी मात्र कधी खोकत नाही.

टीबीचे दुसरे दुखणे आमचे आमच्यातले आहे. मुलीला टीबी झाला की पहिला विचार इलाजाचा नसतो, रिश्त्याचा असतो. शेजारच्या मोहल्ल्यातल्या केंद्रावर नाव घालायचे, गोळ्या पिठाच्या डब्यात लपवायच्या, सासरी गेल्यावर सांगायचे नाही. बरा होणारा आजार आम्ही बदनामी करून टाकला. मुलाला टीबी झाला तर मात्र सासरचे लोक फळे घेऊन येतात! सुट्टीची वाटणी इथेही तशीच.

भीतीला इतिहास असतो

बाहेरचे लोक आमच्याकडे बोट दाखवतात. 'हे लोक अस्वच्छ, हे लस घेत नाहीत, यांच्यामुळे साथ पसरते.' 2020 साली करोनाच्या वेळी निजामुद्दीनच्या मरकजचे निमित्त करून एका रोगाला धर्म चिकटवला गेला. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेतली गेली. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. संकटाच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधते आणि या लोकांना तसे निवडले गेल्याची शक्यता दिसते, असे न्यायालयाने म्हटले. पण तोवर जे व्हायचे ते झाले होते. अपमानाचा निकाल वरच्या कोर्टात लागतो, अपमान मात्र नाक्यावर होतो.

जे लोक आजाराचे कारण आमच्या धर्मात शोधतात त्यांनी सच्चर समितीचा 2006 चा अहवाल वाचावा. उत्पन्न आणि शिक्षण यांत मागे असलेल्या याच समाजात बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा किंचित कमी असल्याचे त्यात नोंदवले आहे. आणि मुस्लिमबहुल मोठ्या गावांपैकी कितीतरी गावांत दवाखान्याची सोयच नसल्याचेही त्यातच नोंदवले आहे. म्हणजे मुले जगवण्यात आमच्या आया कमी पडल्या नाहीत, दवाखाना देण्यात सरकार कमी पडले. दवाखान्यात पोचल्यावर काय होते हेही सगळ्यांना माहीत आहे. बुरखा पाहिला की आवाज चढतो. प्रसूतीच्या खोलीत कळा देणाऱ्या बाईला 'कितवे आहे?' असे टोमण्याने विचारले जाते. मुंबईतल्या 'सेहत' या संशोधन संस्थेचा धर्मावरून दवाखान्यात होणाऱ्या भेदभावाचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला आहे; त्यात बायकांच्याच तोंडून हे ऐकायला मिळते. ओरडा खाऊन घरी आलेली बाई पुढचे बाळंतपण घरी करते. मग सरकारी अहवालात लिहिले जाते, 'या समाजात जागरूकता कमी आहे.'

इथपर्यंत आमचे वाचक मान डोलावतील. पुढचे ऐकताना कदाचित डोलावणार नाहीत. तरीही आम्ही लिहितो.

लसीच्या भीतीला इतिहास आहे, हे आम्ही मानतो. आणीबाणीत, 1976 साली हरियाणातल्या उटावर या मेव मुसलमानांच्या गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना नसबंदीसाठी नेले होते. ज्या सरकारचा हात एकदा असा शरीरापर्यंत पोचला, त्याच्या हातातल्या पोलिओच्या थेंबावर पुढच्या पिढीने शंका घेतली, यात नवल नाही. भीती ही मूर्खपणा नसते. ती समाजाची आठवण असते. पण आठवण कितीही खरी असली तरी तिची किंमत दोन वर्षांच्या लेकराने का द्यावी? नोव्हेंबर 2022 मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली, मुले दगावली. मालेगाव, भिवंडीतही साथ पोचली. नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेलाची लस शाळाशाळांतून दिली गेली तेव्हा उर्दू शाळांच्या फाटकाशी काय अफवा फिरत होत्या, हे आमच्या पेशातल्या लोकांना ठाऊक आहे. 'इंजेक्शनने पुढे मुले होणार नाहीत' असा मेसेज मोबाइलवरून मोबाइलवर जात होता. तो पाठवणाऱ्यांपैकी अनेकांनी स्वतःच्या मुलांना खासगी डॉक्टरकडे सगळ्या लसी दिल्या होत्या! उमराला जाताना मेंदूज्वराची लस टोचून घेणारे हात इथे दुसऱ्याच्या लेकराची लस अडवतात. याला काय म्हणावे?

पोलिओ या देशातून गेला तो धाकाने गेला नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया, जामिया हमदर्द यांना सोबत घेतले गेले, मशिदींतून ऐलान झाले, मोहल्ल्यातल्या बायका दारोदार फिरल्या. जानेवारी 2011 नंतर देशात पोलिओच्या मूळ (वाइल्ड) विषाणूचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च 2014 मध्ये तसे प्रमाणपत्र मिळाले. विश्वास मागून मिळत नाही, तो कमवावा लागतो. सरकारने तो कमवावा. पण आमच्यातल्या अफवा पसरवणाऱ्याला जाब विचारणे हे काम सरकारचे नाही, आमचे आहे.

साया आणि साखळी

शेवटी मनाबद्दल, कारण त्याबद्दल आमच्याकडे सगळ्यात कमी बोलले जाते. पुरुषाला राग माफ आहे, रडणे माफ नाही. बाईला रडणे माफ आहे, राग माफ नाही. मग पुरुषाचे दुःख हात उगारून बाहेर पडते आणि बाईचा राग 'साया' होऊन बाहेर पडतो. तिला दर्ग्यात नेले जाते. तिथे केस मोकळे सोडून ती घुमते, किंचाळते, सासरच्यांना नावे घेऊन शिव्या देते. लोक म्हणतात, जिन बोलतो आहे. आमच्या मते तीच बोलत असते. आयुष्यात पहिल्यांदा तिचे सगळे जण हात जोडून ऐकतात. घरात जे बोलायला बंदी आहे ते बोलायची परवानगी तिला फक्त त्या अंगणात आहे. म्हणून दर्ग्यात जाणाऱ्या बाईला आम्ही अडाणी म्हणणार नाही. सगळीकडे बंद झालेले दार तिला तिथे उघडे सापडते.

पण दर्ग्याच्या नावाखाली साखळी आली तर आम्ही गप्प बसणार नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्णालयाला आग लागली. साखळदंडाने बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. 28 जण जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणे हा प्रकार पूर्ण बंद केला आहे. आणि दुसरी वाटही आहे. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि आजाऱ्याला तिथल्याच मानसोपचार डॉक्टरकडे पाठवतात. दुआ सोडावी लागली नाही, श्रद्धा दुखावली नाही, आणि इलाज झाला. हे उनाव्यात होऊ शकते तर आमच्या गावोगावच्या दर्ग्यांत का नाही?

आमची मागणी

आम्ही कुणाला सब्र सोडायला सांगत नाही. आम्ही त्याची वाटणी बदलायला सांगतो.

इमामसाहेबांनी रमजान लागण्यापूर्वीच्या जुम्याला रोज्याच्या फजिलतीबरोबर रुख्सतीचाही मसला सांगावा. आजारी माणसाने आणि गरोदर बाईने दाराआड लपून जेवू नये, हे मिंबरवरून एकदा ऐकू येऊ द्या. सब्राचे वाज पुरुषांच्या सफेसमोर करा. बायको आजारी असताना स्वतः पीठ मळणे, मूल सांभाळणे, दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे, हा पुरुषाचा सब्र आहे.

जमातीने आणि अंजुमनने आपल्या बैतुलमालमधून टीबीच्या घराला सहा महिन्यांचे राशन द्यावे. जकातीच्या हकदारांत फकीर आणि मिस्कीन पहिले आहेत. मागावरून उतरलेला खोकणारा मजूर त्यांत बसत नाही काय? मस्जिद-ए-नबवीच्या आवारात हजरत रुफैदा यांचा जखमींवर इलाज करण्याचा तंबू होता, हे आम्ही वर्गात शिकवतो. मग आमच्या मशिदीच्या अंगणात महिन्यातून एकदा रक्ततपासणी का होऊ नये, आणि तिथे बाईला यायला वाट का नसावी?

कारखानदार बहुतेक ठिकाणी आमच्याच बिरादरीचे आहेत. हज करून आलेले आहेत. त्यांना आम्ही अदबीने विचारतो की हाजीसाहेब, मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण तुम्ही पाळता, पण त्याची छाती आवळली की त्याचे काय?

सरकारला आमचे सांगणे जुनेच आहे. बारा तास मागावर असणाऱ्या माणसासाठी दवाखाना संध्याकाळी उघडा हवा. मुंबईत 2022 साली 'आपला दवाखाना' सुरू झाला तेव्हा रात्री दहापर्यंतची वेळ ठेवली होती. म्हणजे मनात आणले तर करता येते. शाळेतल्या मुतारीघराला दार आणि पाणी हवे. प्रसूतीच्या खोलीत ओरडणाऱ्या हातांना आणि तोंडांना जाब विचारणारे कुणी हवे. आणि घर बांधताना ऊन हा हक्क धरावा.

आमच्या शिक्षक भावाबहिणींनो, मुलींना 'अच्छी लडकी आवाज नहीं करती' हे शिकवणे आजपासून बंद करा. वर्गात पोट दुखले तर हात वर करून सांगायला शिकवा. दुखते आहे असे स्वच्छ आवाजात सांगता येणे हाही अभ्यासक्रमाचा भाग आहे. ज्या मुलीला बाराव्या वर्षी 'मला चक्कर येते' असे सरळ सांगता येईल, तिला पुढे तिसाव्या वर्षी 'कमजोरी' या एका शब्दाखाली आपले सगळे आयुष्य लपवावे लागणार नाही. आणि त्या दिवशी कुणी तिला 'सब्र कर' म्हणाला, तर ती त्याच्या हातात लाटणे देऊन म्हणू शकेल, 'आज तुम्ही करा.'